प्रोस्टेटचा कॅन्सर दोनच ठिकाणी दिसतोय. हार्मोन (पुरुषी हार्मोन दाबणारी औषधं) टाळून फक्त तिथेच रेडिएशन घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय: वडील 68 वर्षांचे, प्रोस्टेट काढून चार वर्षं झाली, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) 1.4, पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (यात प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी चमकतात) ओटीपोटातली एक लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) आणि एक बरगडी चमकली.

आधी त्या बरगडीचा निकाल लावा. पीएसएमए स्कॅनमध्ये, विशेषतः 1007 हा फ्लोरिनचा ट्रेसर (स्कॅनआधी टोचायचं किरणोत्सारी औषध) वापरला असेल तर, बरगडी उगाचही चमकते. जुना मार लागलेला असला तरी पुरे. एसयूव्ही (किती चमकली त्याचा आकडा) किती आणि सीटीवर हाडात बदल दिसतो का, हे विचारा. शंका उरली तर एमआरआय. कारण बरगडी खोटी निघाली तर बेतच बदलतो. आजार पेल्व्हिसच्या (ओटीपोटाच्या) नोड्सपुरताच असेल तर एकच नोड मारली की शेजारची डोकं वर काढते. पीस-5 स्टॉर्म या रुग्णांवरच्या चाचणीत सहा महिने हार्मोन दोन्ही गटांना होतं, पण फक्त नोडवर उपचार झालेल्यांपेक्षा पूर्ण पेल्व्हिसलाही 25 सिटिंगमध्ये 45 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप) दिलेल्यांचं पुढे बरं राहिलं.

बरगडी खरी असेल तर दोन्ही जागी एसबीआरटी, म्हणजे मोजक्या सिटिंगमध्ये नेमक्या जागी मोठ्या डोसचं रेडिएशन. नेहमीच्या रेडिएशनच्या शेकात रोज साधारण 2 ग्रे देतात. इथे बहुधा 10 ग्रेच्या तीन सिटिंग, एक दिवसाआड. नोडला आतडं चिकटून असलं तर डोस कमी करून पाच सिटिंग करतात, हट्ट धरू नका. बरगडी श्वासाबरोबर हलते, म्हणून फोर-डी सीटी (श्वासाची हालचाल टिपणारा सीटी) लागतो. ओटीपोटासाठी लघवी करून यायचं, मग सांगतील तेवढं पाणी पिऊन थांबायचं. गॅस झाला असेल तर टेबलावरून उतरवतात, त्यात चिडण्यासारखं काही नाही. नंतर बरगडी दुखू शकते, क्वचित फ्रॅक्चरही होतं.

हार्मोनचं म्हणाल तर, बेल्जियमच्या स्टॉम्प चाचणीत (62 रुग्ण, जास्तीत जास्त 3 ठिकाणं) नुसती देखरेख केलेल्यांना ते सुरू करायची वेळ साधारण 13 महिन्यांनी आली, ठिपक्यांवर उपचार केलेल्यांना 21 महिन्यांनी. म्हणजे हार्मोनशिवायचे आठेक महिने पदरात. माझ्या मते हार्मोनमुळे येणाऱ्या गरम वाफा आणि थकवा टाळायला ते मोलाचे आहेत, पण हा ‘बरं होण्याचा’ उपचार म्हणून विकत असतील तर सावध व्हा.

पीएसए तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये करा. दोन आठवड्यांत केलात तर आकडा काहीच सांगणार नाही, झोप मात्र उडेल.