चार वर्षांचं पोरगं आणि सतरा वर्षांचा दादा एकाच हॉलमध्ये, शिकवायचं काय?

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. नागपुरात जरीपटक्याकडे आमची छोटी मंडळी, म्हणजे चर्च आहे. जूनपासून संडे स्कूल, म्हणजे रविवारचा मुलांचा बायबलचा वर्ग, माझ्याकडे दिलंय, मी स्वतः अजून कॉलेजला आहे. १९ पोरं आहेत, सगळ्यात लहान ४ वर्षांचं आणि सगळ्यात मोठा १७ चा. हॉल एकच आणि वेळ ४० मिनिटं. मी पुस्तकातून धडा वाचते तेव्हा लहान लोळून राहिले असतात आणि मोठे मोबाइलमध्ये असतात. पाळक (पास्टर) म्हणतात बायबलची वचनं पाठ करून घे, आयांना वाटतं नाताळचा डान्स बसवावा. कोणत्या वयाला काय शिकवायचं ते नीट सांगा न.

उत्तर : जय ख्रिस्त बाळा. येत्या रविवारी ते पुस्तक घरीच ठेव आणि बायबलमधला लूकचा १५ वा अध्याय उघड. त्यात येशूने सांगितलेले तीन दाखले, म्हणजे बोधाच्या गोष्टी आहेत, हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि हरवलेला मुलगा. पोरांचे वयाने तीन गट कर, तिन्ही गट या एकाच अध्यायावर महिनाभर चालतात, मी चालवलेत म्हणून सांगते.

पहिली दहा मिनिटं सगळे एकत्र, दोन गाणी, छोटी प्रार्थना, मग तीन गटांना तीन कोपरे. ४ ते ६ वाल्यांना फक्त मेंढरू दे. शंभर होती, एक हरवलं, मेंढपाळ शोधत गेला, सापडलं तेव्हा खांद्यावर घेऊन आला, संपलं. एक मेंढरू म्हणजे पापी माणूस वगैरे या वयात अजिबात नको कारण त्यांना प्रतीक कळत नाही, जे ऐकतात ते तसंच्या तसं घेतात. माझ्या वर्गातल्या एका पाच वर्षांच्या मुलाला मी सांगितलं की येशू तुझ्या हृदयात राहतो, तर त्याने दोन दिवस धावणंच बंद केलं, आईला म्हणाला धावलो तर येशू आत पडेल. त्या दिवसापासून मी लहानांना "येशू तुझ्यासोबत आहे" एवढंच म्हणते. गोष्ट सांगताना एक उशी मेंढरू कर, लपव, त्यांना शोधायला लाव आणि प्रत्येकाला ती खांद्यावर घेऊ दे. दहा मिनिटांच्या वर ताणू नको.

७ ते ११ वाल्यांना नाणं आणि धाकटा मुलगा, म्हणजे वाटा घेऊन गेलेला, सगळं उधळून बापाकडे परत आलेला हरवलेला मुलगा, दोन्ही चालतात. या वयाला खरंखुरं काय होतं ते पाहिजे असते, दहा नाणी म्हणजे किती पैसे, दिवा काऊन लावला, डुकरांना कोणत्या शेंगा घालत होते. सगळं सांग. आणि हे वय न्यायाचं फार पक्कं असते, धाकट्याला अंगठी आणि मेजवानी, मोठ्याला साधं करडू पण नाही हे ऐकलं की तेच भांडायला उठतात. भांडू दे, धडा तिथेच सुरू होतो.

१२ च्या वरच्यांना त्याच गोष्टीतला मोठा भाऊ दे. तो बाहेर अंगणात रुसून उभा आहे, बाप स्वतः बाहेर येऊन त्याला समजावतो, आणि तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलंच नाही. तू पण सांगू नको. त्यांना विचार, तुम्ही असता तर गेला असता का, आणि मग गप्प बस, ती शांतता तुला खूप मोठी वाटेल तरी बोलू नको. १६-१७ च्या दोघातिघांना आठवड्यातून एकदा आधी बोलावून लहानांची गोष्ट शिकव, मग रविवारी तेच लहानांकडे बसतील, फक्त तू नजरेसमोर राहा, लहान मुलांजवळ एकच मोठं माणूस बंद खोलीत कधीच ठेवायचं नाही.

वचनांचं. पाठांतर वाईट नाही, मला आठ वर्षांची असताना पाठ केलेलं आजही दवाखान्यात आठवते. पण अर्थ आधी. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे २३ वं स्तोत्र तिसरीतल्या एका मुलीने खाडखाड म्हटलं आणि मग विचारलं, मिस, उणे म्हणजे मायनस न? बरोबरच आहे तिचं, गणितात तिने तेच शिकलंय. तिला सांगितलं, उणे म्हणजे कमी, देव सोबत आहे तर मला कशाची कमी पडणार नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यात घालवली, १९२२ ला त्या गेल्या, तर आपण पोरांना एका शब्दाचा अर्थ सांगायला दोन मिनिटं द्यायलाच पाहिजे. महिन्याला एकच वचन घे. डान्स डिसेंबरमध्ये बघू असं आयांना प्रेमाने सांग.

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. आम्ही अंबाझरीच्या खालच्या भागात राहतो, सप्टेंबर २०२३ च्या त्या रात्री तलाव ओव्हरफ्लो होऊन घरात पाणी शिरलं होतं. आता संडे स्कूलमध्ये नोहाची, म्हणजे देवाने पाठवलेल्या जलप्रलयाची गोष्ट झाली, तेव्हापासून जोराचा पाऊस आला की विचारतो, मम्मी, देव चिडला का? काय सांगू?

उत्तर : सांगा, नाही बेटा. लगेच सांगा आणि जवळ घेऊन सांगा. त्याला खरं कारण पण कळू द्या, की त्या रात्री थोड्या वेळात फार पाऊस पडला, तलाव भरून वाहिला, नाग नदीत एवढं पाणी मावलं नाही. सात वर्षांच्या मुलाला हे समजते. आणि बोटी घेऊन लोकांना काढायला माणसं आली होती हे पण आठवण करून द्या.

मग बायबलमधला उत्पत्तीचा ९ वा अध्याय त्याच्यासोबत वाचा, जिथे देव वचन देतो की पुन्हा जलप्रलयाने पृथ्वीचा नाश होणार नाही आणि ढगात धनुष्य ठेवतो. त्याला इंद्रधनुष्य काढायला द्या, खिडकीजवळ चिकटवा, पाऊस आला की दोघं मिळून त्याच्याकडे बघा. मला मनापासून वाटते की नोहाची गोष्ट आपण तारवातल्या हत्ती-जिराफांमुळे लहानांची समजून बसलो, पण ती जड गोष्ट आहे. लहानांना प्राणी, तारू आणि धनुष्य एवढंच, देवाच्या शिक्षेचा भाग नऊ-दहा वर्षांनंतर. अब्राहाम-इसहाकचं पण तसंच, देव बापाला मुलाचा बळी द्यायला सांगतो ती गोष्ट. मी एकदा ती पाच-सहा वर्षांच्या मुलांना सांगितली, वर्ग सुटल्यावर एक मुलगी बाबांच्या स्कूटरवर बसेना, तिचा चेहरा मी विसरले नाही. शिकवणाऱ्या ताईशी बोला, रागावून नाही, घरात पाणी शिरलं होतं एवढं सांगा, तिला बहुतेक माहीतच नसेल.

प्रश्न : मुलगा १५ चा, संडे स्कूलला यायला तयार नाही. म्हणतो तिथे काही विचारलं की गप्प करतात. त्याची शाळेतली मित्रमंडळी दीक्षाभूमीला जाणारी आहेत, त्यांच्याबद्दल वर्गात कोणी काही बोललं ते त्याला लागलं.

उत्तर : त्याला लागलं ते बरोबरच लागलं. दुसऱ्याच्या श्रद्धेला कमी लेखून आपला धडा शिकवायचा नाही, हे शिकवणाऱ्याला पाळकांनीच सांगायला पाहिजे. तुम्ही त्यांच्याकडे जा आणि मुलाला सोबत न्या, त्यालाच बोलू द्या. घरी लूकचा २ रा अध्याय काढा, येशू १२ वर्षांचा होता, आईबाप तीन दिवस शोधत होते आणि तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता, आणि कोणी त्याला उठवलं नाही. यायची जबरदस्ती दोन महिने बंद करा. रविवारी दुपारी जेवताना त्याचा एक प्रश्न घ्या, उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा आणि पुढच्या रविवारपर्यंत दोघं मिळून शोधा.