घरी ठाण्यात डेन्सिटोमीटर (फिल्मची घनता, म्हणजे ती किती उजेड अडवते, हे मोजायचं यंत्र) नाही. फ्लॅटबेड स्कॅनरवर कृष्णधवल निगेटिव्हची घनता मोजता येते का?

हो, येते. मात्र स्कॅनरच्या झाकणात फिल्मसाठी दिवा हवा आणि सोबत घनता माहीत असलेली स्टेप वेज, म्हणजे पायरीपायरीने गडद होत जाणारी फिल्मची पट्टी, हवी. स्टौफरची 21 पायऱ्यांची पट्टी पुरते. तिच्यात दर पायरीला घनता साधारण 0.15 ने वाढते.

पट्टी आणि निगेटिव्ह एकाच स्कॅनमध्ये शेजारी ठेवा. फिल्म पॉझिटिव्ह म्हणून, 16 बिट ग्रेस्केल, गॅमा 1.0 (म्हणजे आकडे उजेडाच्या थेट प्रमाणात). ऑटो एक्स्पोजर, शार्पनिंग, धूळ काढणं, सगळं बंद. उरलेली काच काळ्या कागदाने झाका, नाहीतर भटका उजेड गडद भागात शिरतो आणि घनता कमी दिसते. झाकताना काचेच्या वरच्या टोकाची कॅलिब्रेशनची पट्टी मात्र मोकळी सोडा, ही चूक हमखास होते. मग प्रत्येक पायरीच्या मधल्या चौकोनाची सरासरी घेऊन आलेख काढा आणि निगेटिव्हचे आकडे त्यावरून वाचा. सूत्र सरळ आहे, दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा 10 च्या पायाचा लॉग: रिकाम्या काचेला 60000 आणि निगेटिव्हवरच्या ठिपक्याला 6000 आले तर घनता 1.0. तरी सूत्रापेक्षा आलेखावर विश्वास ठेवा, स्कॅनर तितका सरळ वागत नाही.

घनता 2.5 च्या पुढचे आकडे धरू नका. घनता 3.0 ला 65535 पैकी जेमतेम 65 पातळ्या उरतात, त्यातही नॉइज. आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत फिल्म काचेला चिकटून न्यूटनची वलयं (स्कॅनमध्ये दिसणारी गोलाकार कडी) येतात. होल्डरमध्ये किंचित वर उचलून ठेवा.