बागेत जखमी फुलपाखरू सापडलं तर काय करावं?

आधी ते खरंच जखमी आहे का ते बघा. पंख चुरगळलेले, ओलसर असतील आणि आसपास रिकामा कोष दिसला तर ते नुकतंच बाहेर आलंय. हात लावू नका. हे मी कुठल्या तोंडाने सांगतेय ते ऐका.

तीन वर्षांपूर्वी लिंबाच्या कुंडीत एक फुलपाखरू पडलेलं दिसलं. पंख वाळत घालायला विसरलेल्या रुमालासारखे, खाली तांबूस थेंब. मी ओरडले, "रक्त!" दादा आला, बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "निसर्गात ढवळाढवळ करू नकोस." त्याच्या मांजराला शिंक आली तरी डॉक्टरकडे धावणारा माणूस हा! मग मी मुद्दामच केली. बुटाच्या खोक्यात ठेवलं आणि कान साफ करायच्या काडीने पंख उलगडायला बसले.

संध्याकाळी भाचीने वरच्या फांदीला चिकटलेला कोष दाखवला. तो थेंब रक्ताचा नव्हताच, कोषातून निघाल्यावर फुलपाखरं तसा द्रव टाकतात. अंगातलं पाणी पंखांच्या शिरांत ढकलून ते पंख पसरत होतं, दोनेक तास उलटं लटकून वाळवायचे होते. मी मध्येच कडमडले. डावा पंख दुमडलेलाच वाळला. ते कधीच उडालं नाही.

नऊ दिवस सांभाळलं. एक भाग साखर, दहा भाग पाणी, कापसाचा बोळा. चव पायांनी कळते त्यांना, म्हणून पाय बोळ्यावर टेकवायचे, की गुंडाळलेली सोंड आपोआप सुटते. ते बघताना मला रडू यायचं.

तुमच्या फुलपाखराचा पंख फाटलाच असेल तर तो परत जुळत नाही. पण मागच्या पंखाचा बराचसा तुकडा गेला तरी ती उडतात, पक्ष्याने चोच मारलेली कितीतरी रोज फिरतात. कागद आणि गोंद लावायचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. उन्हात फुलावर ठेवा, गारठ्यात त्यांना उडता येत नाही. हो, मुंग्या नाहीत ना ते बघा. आणि पोटच चिरडलं असेल तर काही उपाय नाही.

दादा अजून प्रत्येक लग्नात हा किस्सा सांगतो, "मी सांगितलं होतं." काय सांगितलं होतंस? खरोखर जखमी असतं तरी तू तेच म्हणाला असतास. कोष तुलाही दिसला नव्हता.