निरोपाची पोस्ट न टाकता निघून जा

*ताई, मी २९ वर्षांची आहे. पीएच.डी.चा प्रबंध लिहायला बसते आणि पाच मिनिटांत हात फोनकडे जातो. रात्री उशिरापर्यंत रील्स बघते, मग सकाळी डोकं जड. 'काही दिवस इथे नसेन' असं जाहीर करून दोनदा इन्स्टाग्राम, फेसबुक बंद केलं आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परतले. भाऊ अजून चिडवतो. आता खाती कायमचीच डिलीट करावीत असं वाटतं, पण मग लोक मला विसरतील. माझी कॉलेजपासूनची जिवलग मैत्रीण माझी प्रत्येक स्टोरी बघते, पण वर्षभरात तिने एकदाही फोन केलेला नाही. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?*
*– प्रबंधात अडकलेली*

प्रिय मैत्रिणी,

इच्छाशक्तीचं आधी निकालात काढू, कारण त्यावरून तू स्वतःला फार बोल लावून घेतलेस. पूर्वी वेबपानाच्या तळाशी 'पुढील पान' अशी लिंक असायची. तिथे क्षणभर थांबावं लागायचं, आणि तेवढ्यात 'पुरे आता' म्हणायला सवड मिळायची. २००६ साली अझा रास्किन नावाच्या डिझायनरने बोट सरकवत राहिलं की मजकूर येतच राहील अशी रचना केली. पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. आज तू जे ॲप उघडतेस त्यात तो थांबा कुठेच नाही, आणि तो नसावा यासाठी हुशार माणसं पगार घेऊन राबतात. त्यांच्यासमोर तू रात्री दमून, एकटी बसलेली. तू हरलीस यात नवल ते काय? भावालाही हे सांग, आणि त्याचा स्वतःचा स्क्रीन टाइम दाखवायला लाव.

आता त्या दोन निरोपांबद्दल. 'मी जातेय' ही सुद्धा एक पोस्टच झाली ना गं! ती टाकली की कोण काय म्हणालं, कोणी थांबवलं, कोण गप्प राहिलं, हे बघायला परत जावंच लागतं. तुझी सुट्टी तिथेच मोडली असणार. या वेळी काही जाहीर करू नकोस. ज्यांना सांगायलाच हवं अशा तिघा-चौघांना फोन करून सांग, बस.

खाती मात्र आत्ता डिलीट करू नकोस. वैतागाच्या भरात घेतलेला निर्णय आहे हा. शिवाय फेसबुक काय नि इन्स्टाग्राम काय, डिलीटची विनंती केल्यावर ३० दिवस वाट बघतात. तेवढ्यात लॉगइन केलंस तर विनंती रद्द. म्हणजे महिनाभर तो दरवाजा उघडाच, आणि तुझा स्वभाव पाहता तू एकदा डोकावशीलच. त्यापेक्षा चार आठवड्यांपुरती खाती निष्क्रिय कर, ॲप फोनवरून काढून टाक आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पुसून टाक. व्हॉट्सॲप राहू दे, तुझे गाइडही तिथेच असतील. फक्त ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाक.

चारच आठवडे का? २०१८ साली अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकांच्या आधी काही अर्थतज्ज्ञांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं. त्यांचा दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला. मन थोडं हलकं झालं. थोडंच, आयुष्य वगैरे पालटलं नाही. बातम्यांची माहिती घटली. पण प्रयोग संपल्यावरही त्यांचा वापर आधीपेक्षा कमीच राहिला, आणि मला तुझ्यासाठी एवढंच हवं आहे. आणखी एक गंमत म्हणजे त्या मोकळ्या वेळातला काही त्यांनी घरच्यांना, मित्रांना दिला आणि काही एकट्याने टीव्ही बघण्यात घालवला! म्हणून रात्री तो तास कशात घालवायचा हे ॲप काढण्याआधीच ठरव. प्रबंधासाठी तो नको, दिवसभर पुरेसा प्रबंध झालेला असतो. काहीतरी वाच, कोणाशी तरी बोल, नाहीतर सरळ झोप.

पहिले काही दिवस तू चिडचिडी होशील आणि बोट रिकाम्या जागी जाऊन थबकेल. त्याचा बाऊ करू नकोस. लिहिताना फोन दुसऱ्या खोलीत ठेव. २००९ साली सोफी लरॉय यांच्या संशोधनात दिसलं होतं, की अर्धवट काम सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. तुझी 'दोन मिनिटं फोन' म्हणूनच दोन मिनिटांत संपत नाहीत. उठावंच लागलं तर पुढचं वाक्य काय लिहिणार होतीस ते कागदावर खरडून मगच उठ. आणि महिन्याभरानंतरही झोप सुधारली नाही, मन उदास राहिलं, तर फोनला दोष देत बसू नकोस, डॉक्टरांना भेट.

आता तुझी मैत्रीण. पत्रातली तीच ओळ मला सगळ्यात जास्त बोचली. वर्षभरात तिने फोन केला नाही, हे तू लिहिलंस. तू केलास का, हे लिहिलं नाहीस. माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून दे. तुझ्या कितीतरी स्टोरी तिच्या एकटीसाठी असतात. तू टाकतेस, ती बघते, यादीत तिचं नाव दिसलं की तुला बरं वाटतं. तिकडे तिलाही वाटत असेल, की हिचं काय चाललंय ते आपल्याला सगळं ठाऊक आहे. मग फोन कशाला करायचा? रुसण्यासारखं काही न घडताच तुमचं बोलणं थांबलेलं असू शकतं.

म्हणूनच एक बजावते. गायब झाल्यावर ती विचारपूस करते का, हे बघण्यासाठी ही सुट्टी वापरू नकोस. तू कसली परीक्षा घेतेयस हे तिला कळणारही नाही, आणि तू मात्र निकाल लावून मोकळी होशील. तिला आधी फोन कर, ॲप त्यानंतर काढ. ती तुटक बोलली तर वाईट वाटेल; पण निदान खरं काय ते कळेल. तिचा नंबर बदलला असेल, तर तो विचारायला इन्स्टाग्रामवर एक मेसेज टाकायची माझी परवानगी आहे. एकच.

– तुझी ताई