भुयार, तळघर की पेव?

प्रश्न असा आहे : डेन्मार्कच्या फाल्स्टर बेटावर 5000 वर्षांपूर्वीचं, दगडी फरसबंदीचं जे बांधकाम रेल्वेमार्गाच्या कामाआधी उकरताना सापडलं, त्याला मराठीत 'भुयार' म्हणावं का? एका बातमीत तसं छापून आलं आहे म्हणे.

माझं मत : नाही, 'तळघर' म्हणावं. आज भुयार म्हटलं की इकडून शिरून तिकडे निघायची वाट डोळ्यांपुढे येते, आणि भुयारी रेल्वेने तर तो अर्थ पक्काच केला. पण 'भुयार' मुळात वाट नव्हे, घरच! भूमिगृह, मग भुई + घर, आणि पुढे 'घ'चा 'ह' होऊन तोही गळाला. गुजरातीत 'भोंयरूं' अजून तळघरच आहे. गंमत म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतला 'यार्दहूस' हा शब्द याच घडणीचा : यार्द म्हणजे जमीन, हूस म्हणजे घर. आणि आइसलँडच्या सागांमध्ये, म्हणजे जुन्या गद्य कथांमध्ये, त्याचाही अर्थ शत्रूने घर वेढल्यावर निसटायची जमिनीखालची वाट असा झालेला दिसतो. दोन्हीकडे घराची वाट झाली.

डॅनिश लोक स्वतः 'केल्डर' म्हणतात. तो लॅटिन 'केल्लारियुम'वरून आलेला, म्हणजे कोठार. फाल्स्टरच्या त्या शेतकऱ्यांना तो शब्द माहीत असायचं कारणच नाही; रोम तेव्हा नव्हतंच.

'पेव', म्हणजे जमिनीतला धान्य साठवायचा खड्डा, सुचवणाऱ्यांचं म्हणणं मात्र अगदीच टाकाऊ नाही, कारण डेन्मार्कच्याच उत्तर जटलंडमध्ये व्हेन्ड्सिसेल भागात लोहयुगातली, साधारण 2000 वर्षांपूर्वीची अशी बरीच तळघरं सापडली आहेत. त्यांतलं ओव्हरब्युगोरचं जळालं होतं, आणि त्यात करपलेलं धान्य मिळालं. तरी ते पेव नव्हे. पेवाला वर अरुंद तोंड असतं, धान्य भरून ते लिंपून टाकतात. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती ती अशीच. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे. आधी दोरीने कंदील सोडायचा. विझला तर आतली हवा वाईट, थांबायचं. व्हेन्ड्सिसेलच्या तळघरांना दगड रचून केलेल्या भिंती आहेत आणि आत जायला बोळ आहे. माणूस हवं तेव्हा जाऊन पायली-दोन पायल्या धान्य काढून आणेल, अशी ती सोय. बळदाशी, म्हणजे घरातल्या धान्य साठवायच्या बंदिस्त जागेशी, नातं जुळेल, पण बळद आता किती जणांना कळेल?

फाल्स्टरचा खड्डा घराच्या जागेतच आहे. आत काय ठेवत होते ते सिद्ध झालेलं नाही, साठवणीचा तर्क आहे. म्हणून 'कोठार'ही मी टाळेन.

मथळ्यात 'भुयार' हवंच असेल तर ते व्हेन्ड्सिसेलला द्या. तिथे निदान बोळ तरी आहे.