सासूबाई खूश आहेत, तिथेच जरा थांब

पत्र थोडक्यात असं: "ताई, मी 36 वर्षांची, ऐरोलीला राहते. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, 13 वर्षं आयटीत काढली, आता प्रोजेक्ट मॅनेजर. मुलगी तिसरीत. रविवारी सोसायटीतल्या पाच-सहा मुलांना गणित शिकवते, आठवड्यात तेवढाच वेळ असा की मी घड्याळ बघत नाही. नोकरी सोडून शाळेत शिकवायचंय. सासूबाईंना कल्पना एकदम आवडली, म्हणाल्या बरं झालं, दुपारी घरी येशील, घराकडे लक्ष राहील. नवऱ्याने मात्र पहिलाच प्रश्न टाकला, ईएमआयचं काय? तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. त्याला माझं मन कळतच नाही असं वाटतं. काय करू?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला नवऱ्याच्या प्रश्नाची नाही, सासूबाईंच्या आनंदाची काळजी वाटली. नवऱ्याने आकडा विचारलाय, नाही म्हटलेलं नाही. घर दोघांच्या नावावर असेल तर तो प्रश्न तुझाही आहे की. तू त्याला सांगितलंस मला आतून वाटतंय, तो म्हणतोय हप्ता, दोघं आपापल्या जागी बरोबर आणि रुसून बसलाय मात्र दोघं.

पण सासूबाई ज्या नोकरीवर खूश झाल्यात ती नोकरी अस्तित्वातच नाही ना! अर्धा दिवस, मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, म्हणजे पाहुणे, सणवार, मुलीचा अभ्यास सगळं आता सूनबाई बघणार. पगार कमी होणार, घरकाम वाढणार, आणि वर 'तुला काय, शाळाच तर आहे' हे ऐकायला मिळणार ते वेगळंच. माझी नणंद ठाण्यात शाळेत आहे, सातची सकाळची शाळा, म्हणजे सव्वासहाला घराबाहेर. घरी येते दोनला, आणि चार वाजता डायनिंग टेबलवर वह्यांचा गठ्ठा सोडते. एका वर्गाच्या 45 वह्या, तिच्याकडे असे तीन वर्ग. नुसती बरोबरची खूण करून चालत नाही, गणित कुठल्या पायरीला चुकलं ते शोधावं लागतं, पोरगं हातचा विसरलंय की मुळात त्याला कळलंच नाही. मग उद्याचं टाचण, युनिट टेस्टचा पेपर, पालकसभा, स्नेहसंमेलनाचा डान्स, आणि व्हॉट्सॲपवर रात्री दहाला 'टीचर उद्या कुठलं पुस्तक आणायचं'. अनुदानित किंवा सरकारी शाळा असेल तर निवडणुकीची ड्युटी आलीच. एक बाई गैरहजर असल्या की तुझा ऑफ तास गेला, प्रॉक्सीला, म्हणजे त्यांच्या वर्गावर, जा.

म्हणून सासूबाईंशी आत्ताच बोल, गोड बोल पण स्पष्ट बोल. आई, मी सकाळी सव्वासहाला निघेन, मुलीचा डबा आणि बस कोण बघणार? आज जी स्वयंपाकाची बाई आहे ती राहणारच आहे हेही तेव्हाच सांग. हे आधी ठरलं नाही ना, तर वर्षभरात तू शाळेला शिव्या देशील, आणि चूक शाळेची नसेल.

आता तुझी रविवारची मुलं. ती चांगलीच गोष्ट आहे, पण ती पाच-सहा आहेत, त्यांना आईने पाठवलंय आणि तुझ्या घरात ती शहाण्यासारखी बसतात. जेवणाच्या सुट्टीनंतरचा नववीचा तास म्हणजे वेगळा प्रांत आहे. घामेजलेली, पीटीवरून आलेली पोरं, मागच्या बाकावर कुणीतरी टाचणीने कुणाला तरी टोचतंय, आणि तू फळ्यावर त्रिकोण काढतेयस. तुला तिथे मजा येते का बघ. चार दिवस सुट्टी काढ, ओळखीच्या कुणामार्फत एखाद्या शाळेत मागच्या बाकावर बसायची परवानगी घे, जमलं तर दोन तास घेऊन बघ. संध्याकाळी आवाज बसलेला असेल, पाय दुखत असतील, आणि तरी एखाद्या पोराचा चेहरा डोक्यातून जात नसेल तर तुझं उत्तर तुला मिळालं समज.

मग ठरव कितवीला शिकवायचंय, कारण बाकी सगळं त्यावर आहे. पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही, सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये ते स्पष्ट केलंय, तिथे डीएलएड, म्हणजे पूर्वीच्या डीएडसारखी प्राथमिक शिक्षकांची पदविका, लागते. सहावी ते आठवीला बीएड आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर. टीईटी राज्याची किंवा केंद्राची सीटीईटी, 150 मार्कांची असते, ओपनला 90 लागतात, आणि आता एकदा पास झालं की सर्टिफिकेट कायम चालतं, पूर्वी सात वर्षांचंच होतं. बीएड 2015 पासून दोन वर्षांचं आहे, त्यात 20 आठवडे शाळेत इंटर्नशिप, म्हणजे नोकरी करता करता होईल हे डोक्यातून काढ. मुक्त विद्यापीठाचं बीएड आधीच शिकवत असलेल्यांसाठी आहे. 'अटेंडन्स आम्ही मॅनेज करतो' असं सांगणारा कुणी भेटला तर चहा पिऊन परत ये. इंजिनिअरला बीएडला ॲडमिशन मिळते, 55 टक्के लागतात, पण केंद्रीय विद्यालयासारख्या ठिकाणी गणिताच्या शिक्षकाला डिग्रीत कुठले विषय होते तेही बघतात, तेव्हा जाहिरात नीट वाच. खाजगी शाळा कधी कधी बीएडशिवाय घेतात, कॉम्प्युटरसाठी तर तुला हौसेने घेतील, पण मग पगारही त्या हौसेनेच ठरवतात.

पगाराचं तर कागदावर आणि हातात किती हे दोन्ही विचार, लाजू नकोस. काही शाळांत करार जून ते एप्रिल असतो, म्हणजे मेचा पगार नाही. अनुदानित शाळेत लागलीस तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पूर्ण पगार नाही, नुसतं मानधन, ते 2023 मध्ये वाढून महिन्याला प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 झालं, आणि तिथे पोचायला आधी टीईटी, मग टेट ही शिक्षक भरतीची वेगळी परीक्षा, मग पवित्र पोर्टल ही सरकारची शिक्षक भरतीची वेबसाइट, वयाची अटही आहे आणि तू 36 ची आहेस. हे घाबरवायला नाही सांगत, नवऱ्यासमोर बसशील तेव्हा हेच आकडे लागतील.

बसायचं कसं तर असं. पुढचे सहा महिने शाळेचाच पगार मिळतोय असं समजून तुझ्या पगारातून महिन्याला फक्त 25,000 घरात आण, उरलेलं सगळं वेगळ्या खात्यात, त्याला हात नाही. बीएडची दोन वर्षं पगार शून्य असणार, ती त्या खात्यातून आणि ग्रॅच्युइटीतून निघतात का ते दोघांनी मिळून मांडा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, त्यात सासूबाई असतील तर त्यांची पॉलिसी आत्ताच काढ, बीपी-शुगरला तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं. निघालं गणित तर नवराच म्हणेल जा. नाही निघालं तर दोन वर्षं थांब, मुलगी पाचवीत जाईल, हप्ता थोडा उतरेल, काही बिघडत नाही.

आणि तुझ्या मूळ पत्रात, मी वर गाळलेला भाग धरून, तुझ्या मॅनेजरवर सहा ओळी आहेत आणि मुलांवर दोन, हे तुझ्या लक्षात आलंय का? कंपनी नकोशी झाली असेल तर आधी कंपनी बदलून बघ, ऐरोलीत आणि महापेत इमारती कमी नाहीत.

बीएडची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, मार्चच्या सुमारास असते आणि ॲडमिशनचे राउंड पावसाळाभर चालतात. तुमच्याकडे नोटीस तीन महिन्यांची असेल तर आधी परीक्षा दे, कॉलेज हातात येऊ दे, थोडी घासाघीस करून नोटीस कमी करता येते, पण रागाच्या भरात टाकलेला राजीनाम्याचा मेल परत घेता येत नाही. आणि आज रात्री नवऱ्याशी बोल, अबोला पुरे.