यूकेत वॉर्डवर बोलायचं कुणाशी, ठरवायचं कुणी?

तू विचारलंस, "ताई, मिरजेला आयसीयूत आहे, ओईटी (इंग्रजीची परीक्षा) आणि सीबीटी (नर्सिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा) झाली. इंग्लंडमध्ये पेशंटशी इंग्रजीत बोलणं निभेल का? आणि तिकडे नर्सच निर्णय घेते म्हणतात, ते खरं का?"

इंग्रजीची धास्ती सोड. सुरुवातीला आजी-आजोबांचे उच्चार कळत नाहीत. पुन्हा विचारलं की सांगतात, कुणी चिडत नाही. अंगवळणी पडायला वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टीला. आपल्याकडे बेडभोवती मुलगा, सून, मेहुणे, रिपोर्ट त्यांना, सही त्यांची, आणि पेशंटला "काही नाही काका, बरे व्हाल." इथे मुलीचा फोन आला तरी वडिलांना विचारल्याशिवाय तिला काही सांगायचं नाही.

माझ्या वॉर्डवर स्ट्रोकनंतर गिळायला त्रास होणारे एक आजोबा होते. स्पीच थेरपिस्टने पातळ पेय घट्ट करूनच द्यायला सांगितलेलं, आजोबांना हवा साधा चहा. मुलगी म्हणे, अजिबात देऊ नका. अशा वेळी मेंटल कपॅसिटी ॲक्ट 2005 लागू होतो. माणसाला निर्णयक्षमता आहे असंच धरून चालायचं, आणि निर्णय आपल्याला वेडेपणाचा वाटला म्हणून ती नाही असं ठरवायचं नाही. सांगितलेलं समजतंय का, तेवढा वेळ लक्षात राहतंय का, बरंवाईट तोलता येतंय का, आणि काय ठरवलं ते बोलून किंवा खुणेने सांगता येतंय का, हे बघायचं. ठसका लागून न्यूमोनिया होऊ शकतो, हे आजोबांनी मलाच नीट परत सांगितलं आणि वर चहा मागितला. थेरपिस्ट आणि डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवलं: चहा द्यायचा, पण ताठ बसवायचं, लहान घोट द्यायचे, तोंड स्वच्छ ठेवायचं. सगळं नोट्समध्ये लिहिलं. मुलीला त्यांच्या परवानगीने मीच समजावलं. ती नाराज झाली, ते साहजिकच होतं.

दुसरा निर्णय असतो डॉक्टरला कधी उठवायचं याचा. इथे न्यूज-2 स्कोअर आहे: नाडी, श्वास अशा प्रत्येक मोजणीला गुण देऊन तब्येत किती बिघडलीय ते बघायचं. समज, श्वास 22, ऑक्सिजन 94 टक्के (साध्या हवेवर), वरचं बीपी 104, नाडी 112, ताप 38.4 सेल्सिअस, शुद्ध व्यवस्थित. एकेक आकडा पाहून कुणी धावणार नाही, पण बेरीज 7 होते, आणि 7 म्हणजे इमर्जन्सी. पेशंट नव्याने गोंधळल्यासारखा बोलू लागला तर त्याचेच 3. पण सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) काही पेशंटचं ऑक्सिजनचं टार्गेट 88 ते 92 असतं, तिथे वेगळी स्केल लावतात. आकड्यांना डोकं जोडावंच लागतं.

फोनवर "सर, जरा बघता का" चालत नाही. एसबार पद्धतीने बोल: आत्ता काय झालंय, मागची हिस्ट्री काय, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करायला हवं. "सेप्सिसची शंका आहे, लगेच येऊन बघा" हे नर्सनेच म्हणायचं (सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्ग जिवावर बेतणं). नाही आले तर वरच्या डॉक्टरला फोन, त्यात उर्मटपणा नाही. 2024 पासून इंग्लंडच्या बऱ्याच हॉस्पिटलांत मार्थाज रूल सुरू झालाय; तब्येत खालावतेय असं वाटलं तर नातेवाईकही थेट क्रिटिकल केअरच्या टीमकडून तपासणी मागू शकतात. त्यामुळे "आज त्या नेहमीसारख्या नाहीत" असं कुणी म्हणालं तर लगेच ऑब्झर्व्हेशन्स (नाडी, बीपी, श्वास वगैरे) घे.

सध्या तिथल्याच ड्यूटीत हँडओव्हर एसबारने देऊन बघ. आणि ओस्कीची (यूकेतल्या नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेची) तयारी करताना बीपीचा पट्टा बांधण्याआधी नाव सांगणं, काय हाक मारू विचारणं, परवानगी घेणं तोंडात बसव.